पोलादाची परिभाषा

प्रत्येक व्यवसायाला स्वतःची अशी एक भाषा असते. ती काही परक्या देशाची भाषा नव्हे. नेहमीच्या बोलण्यातलेच शब्द एखाद्या व्यवसायात शिरले, की त्यांना तेथे एक ठरीव अर्थ प्राप्त होतो. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी शेतात जातो, मातीचे ढेकूळ हातात दाबून पाहतो आणि म्हणतो, "अजून वाफसा आला नाही." वाफसा म्हणजे नुसता ओलावा नव्हे आणि नुसता कोरडेपणाही नव्हे. जमिनीत हवी तितकीच ओल आणि हवा तितकाच मोकळेपणा असणे, एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात साठवलेला असतो. ज्याला हा शब्द कळला नाही, तो चिखलात तिफण घालतो आणि हातचे बियाणे गमावून बसतो.

गावच्या लोहाराजवळही असे शब्द असतात. विळ्याला किंवा कोयत्याला तो 'पाणी देतो'. हे शब्द ऐकून एखाद्याला वाटेल, की तापलेले पाते पाण्यात बुडविले म्हणजे काम झाले. परंतु नुसत्या बुडविण्याने पाते कठीण होते खरे, तरी ते काचेसारखे ठिसूळही होते. पहिल्याच घावाला त्याचा तुकडा उडावयाचा. म्हणून कसबी लोहार ते पाते पुन्हा थोडेसे तापवितो आणि त्याच्या अंगावर चढणारे रंग निरखीत राहतो. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. हवा तो रंग दिसताच लोहार पाते निववितो. बुडविणे, तापविणे, रंग ओळखणे आणि वेळेवर थांबणे, या सर्वांना मिळून 'पाणी देणे' म्हणावयाचे. मराठी माणसाला हा शब्द इतका आवडला, की कणखर आणि तेजस्वी माणसालाही तो 'पाणीदार' म्हणू लागला.

आजचे पोलादाचे कारखाने लोहाराच्या भात्यापेक्षा हजारो पटींनी मोठे आहेत. तेथे एका वेळी शेकडो टन धातू वितळतो आणि पोलादाची पट्टी आगगाडीच्या वेगाने धावते. तथापि तेथेही काम चालते ते शब्दांच्या आधारानेच. तेथील शब्द साधे दिसतात. मात्र त्यांचा नेहमीचा अर्थ धरून चालणाऱ्याची फसगत होते, आणि ही फसगत कधी लाखो रुपयांच्या मालावर, तर कधी माणसाच्या जिवावर बेतते. खनिजाच्या दगडापासून घरातील पत्र्याच्या डब्यापर्यंत पोलादाचा जो प्रवास होतो, त्या वाटेवरचे हे शब्द म्हणूनच समजून घेण्यासारखे आहेत.

पहिली जोडी 'लोखंड' आणि 'पोलाद' यांची. बोलताना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कारखान्यात त्यांच्यामध्ये कार्बनची रेघ ओढलेली असते. कार्बन म्हणजे कोळशाचे मूलद्रव्य. खनिजापासून प्रथम जे कच्चे लोखंड निघते, त्यात शेकडा सुमारे चार भाग कार्बन असतो. हे लोखंड साच्यात ओतता येते, पण हातोड्याखाली ते वाकत नाही, फुटते. अशा ओतीव लोखंडाला मराठीत 'बीड' असे सुटसुटीत नाव आहे. कार्बनचे प्रमाण शेकडा दोनच्या खाली आले, की त्या धातूला पोलाद म्हणावयाचे. सळया, पत्रे, मोटारींचे दरवाजे ज्या मऊ पोलादाचे करतात, त्यात तर कार्बन शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. म्हणजे शंभर किलो धातूत पाव किलो कार्बन आहे की चार किलो आहे, एवढ्यावरून तो धातू वाकावयाचा की फुटावयाचा हे ठरते.

कच्चे लोखंड ज्या भट्टीत तयार होते, तिला झोतभट्टी म्हणतात. ही भट्टी एखाद्या उंच मनोऱ्यासारखी असते. तिच्या तोंडातून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर सोडतात आणि खालच्या बाजूने एक हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापविलेल्या हवेचा झोत आत सोडतात. झोत हेच या भट्टीचे बळ. म्हणूनच तिचे नाव झोतभट्टी. कोकपासून निर्माण होणारा वायू खनिजातील प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, काढून घेतो आणि वितळलेले लोखंड तळाशी साचते. खनिजातील माती व वाळू चुनखडीशी संयोग पावून लोखंडावर तरंगू लागतात. या तरंगणाऱ्या थराला 'धातुमळी' असे नाव आहे. उसाचा रस काढवताना वर येणारी मळी ज्याने पाहिली असेल, त्याला या शब्दाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. मात्र ही मळी टाकाऊ नसते. तिच्यापासून सिमेंट तयार होते.

पूर्वी भट्टीतून वाहणारा लोखंडाचा रस जमिनीवरील वाळूत केलेल्या पाटांमध्ये सोडीत. मधोमध एक लांब पाट आणि त्याला दोहो बाजूंनी फुटलेले आखूड पाट, अशी ती रचना असे. इंग्लंडमधील कामगारांना ती पाहून आडवी पडलेली डुकरीण आणि तिला लुचणारी पिले आठवली. त्यांनी त्या लोखंडाच्या ठोकळ्यांना 'पिग', म्हणजे डुकराचे पिलू, असे नाव दिले. वाळूचे पाट गेले, यंत्राने ठोकळे पाडणे सुरू झाले, तरी कच्च्या लोखंडाचे 'पिग आयर्न' हे नाव जगभर कायम राहिले. भारतात जमशेदजी टाटा यांच्या स्वप्नातून उभ्या राहिलेल्या साकची येथील कारखान्यात २ डिसेंबर १९११ रोजी पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला. त्याच साकचीला १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले.

एकाच शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू दडल्या, तर काय अनर्थ होतो, याचा दाखला पोलादाच्या इतिहासातच आहे. कच्च्या लोखंडातील जादा कार्बन जाळून टाकला, की पोलाद होते. हे काम पूर्वी फार कष्टाचे व वेळखाऊ होते. १८५६ साली इंग्लंडमधील हेन्री बेसेमर यांनी एक अजब युक्ती जाहीर केली. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून त्यांनी थंड हवेचा जोरदार प्रवाह सोडला. थंड हवेने लोखंड गोठेल, असेच कोणालाही वाटले असते. पण हवेतील प्राणवायूने लोखंडातील कार्बन व सिलिकॉन जळू लागले आणि त्या जळण्याच्या उष्णतेनेच धातू अधिकाधिक तापत गेला. वेगळे सरपण नको, तासन्‌तास ढवळणे नको. काही मिनिटांत पोलाद तयार! लोखंडाच्या अनेक कारखानदारांनी पैसे मोजून या पद्धतीचे परवाने घेतले.

आणि त्यांचे पोलाद ठिसूळ निघाले. पद्धत तीच, यंत्र तेच, 'कच्चे लोखंड' हे नावही तेच. तरी माल हातोड्याखाली तडकू लागला. बेसेमर यांच्यावर टीकेची झोड उठली. शोध घेता कळले, की बेसेमर यांनी प्रयोगासाठी वापरलेल्या लोखंडात फॉस्फरस जवळजवळ नव्हता. इतरांच्या लोखंडात तो भरपूर होता. हवेच्या झोताने कार्बन जळत होता, पण फॉस्फरस आतच राहत होता आणि पोलादाला ठिसूळ करीत होता. 'कच्चे लोखंड' एवढेच म्हणणे पुरेसे नव्हते. ते कोणते, त्यात काय किती आहे, हे सांगावयास हवे होते. तेव्हापासून पोलादाच्या व्यवसायात रसायनशाळेला मानाचे स्थान मिळाले.

फॉस्फरसचा हा प्रश्न पुढे सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या तरुणाने सोडविला. तो लंडनमधील पोलीस न्यायालयात कारकून होता. दिवसा कचेरीचे काम करून संध्याकाळच्या वर्गात तो रसायनशास्त्र शिकला. भट्टीला आतून जे उष्णतेला दाद न देणारे विटांचे आवरण असते, त्याला 'अस्तर' म्हणतात. कोटाच्या आतील कापडासाठी जो शब्द, तोच येथे. बेसेमर यांच्या भट्टीचे अस्तर वाळूच्या जातीचे, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत आम्लधर्मी होते. फॉस्फरस जळून जे द्रव्य होते तेही आम्लधर्मी. त्याला पकडून ठेवावयास चुना पाहिजे. आणि चुना टाकावा, तर तो आम्लधर्मी अस्तरच खाऊन टाकावयाचा. टॉमसने चुन्याच्या जातीचे अस्तर योजले आणि भट्टीत चुना टाकला. फॉस्फरस चुन्याला बिलगून मळीत गेला. आपल्या चुलतभावाच्या, रसायनशास्त्रज्ञ पर्सी गिलख्रिस्टच्या मदतीने त्याने ही पद्धत सिद्ध केली आणि १८७८ साली जाहीर केली. फॉस्फरसने भरलेली ती मळी शेतीला उत्तम खत ठरली. १८८५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी टॉमस मरण पावला. पण 'आम्ल' आणि 'अल्क' या अस्तरांमधील त्याने ओळखलेला भेद आजही प्रत्येक पोलाद कारखान्यात पाळला जातो.

पुढे हवेऐवजी शुद्ध प्राणवायूचा झोत वरून सोडण्याची पद्धत आली. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ साली आणि डोनाविट्झ येथे १९५३ साली ती कारखान्यात वापरली जाऊ लागली. या दोन गावांच्या आद्याक्षरांवरून तिला 'एल. डी. पद्धत' असे नाव पडले. भारतात ती प्रथम ओडिशातील रूरकेला येथील कारखान्यात आली. भट्टीतून एका वेळी जितके पोलाद तयार होते, तितक्या घाण्याला 'हीट' असे म्हणतात. हीट म्हणजे उष्णता, हा शाळेत शिकलेला अर्थ येथे लागू पडत नाही. तेलाचा घाणा, भज्यांचा घाणा, तसाच हा पोलादाचा घाणा. प्रत्येक घाण्याला एक क्रमांक असतो आणि त्या घाण्यातील पोलादाचे रासायनिक पृथक्करण त्या क्रमांकाखाली नोंदवून ठेवतात. घाण्यापासून केलेल्या प्रत्येक लादीवर आणि गुंडाळीवर हा क्रमांक जातो. उद्या एखाद्या पुलाच्या पत्र्यात दोष आढळला, तर त्याच घाण्याचे इतर पत्रे कोठे बसविले आहेत, हे त्या क्रमांकावरून शोधता येते. क्रमांक चुकीचा लिहिणाऱ्याची चूक केवळ शाईची नसते. दूरच्या पुलावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांचा जीव तिच्यात गुंतलेला असतो.

तयार झालेले पोलाद भट्टीतून मोठ्या बादलीत ओततात. या बादलीला 'लॅडल', म्हणजे डाव किंवा पळी, म्हणतात. मात्र या पळीत शंभर-दोनशे टन रस मावतो. ती 'कोरडी' असली पाहिजे, हा येथील कडक नियम. घरात भांडे पुसून ठेवले, की ते कोरडे झाले असे म्हणतात. कारखान्यात तेवढ्याने भागत नाही. अस्तराच्या विटांमध्ये मुरलेला ओलावाही जावा म्हणून ती बादली ज्योतीने बराच वेळ तापवून घेतात. मगच ती कोरडी ठरते. पाण्याची वाफ होताना ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. वितळलेल्या धातूखाली थोडे पाणी अडकले, तर त्याची वाफ क्षणार्धात फुगते आणि स्फोट होऊन धातूचा पाऊस पडतो. म्हणून पावसाळ्यात भिजलेले भंगारही भट्टीत टाकण्यापूर्वी काळजीपूर्वक पारखावे लागते. 'कोरडे' हा तीन अक्षरांचा शब्द येथे कामगाराचे चिलखत असतो.

भट्टीतून निघालेल्या पोलादात थोडा प्राणवायू उरलेला असतो. पोलाद गोठू लागले, की तो कार्बनशी संयोग पावतो आणि वायूचे बुडबुडे सुटून रस उकळल्यासारखा खदखदतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा सिलिकॉन टाकला, की तो प्राणवायूला पकडतो आणि रस निश्चल होतो. अशा पोलादाला इंग्रजीत 'किल्ड', म्हणजे मारलेले, पोलाद म्हणतात. आयुर्वेदातही धातूचे 'मारण' करतात. पण तेथे मारण म्हणजे धातूचे भस्म करणे. शब्द एकच, दोन व्यवसायांत त्याचे दोन अर्थ. कारखान्यातील मारलेले पोलाद दुबळे नसते. उलट आत पोकळ्या न राहिल्यामुळे ते एकजीव आणि भरवशाचे असते.

हा निवांत रस पुढे तांब्याच्या साच्यातून खाली उतरतो. साच्याभोवती पाणी खेळत असते. त्यामुळे बाहेरची साल गोठते, आतला रस पुढे हळूहळू गोठतो आणि खालून जाड लादी अखंड बाहेर येत राहते. ही लादी ठराविक लांबीला कापून घेतात. तिलाच 'स्लॅब' म्हणतात. घराच्या छपराचा स्लॅब निराळा आणि हा निराळा.

यानंतरची क्रिया प्रत्येक घरातील मुलामुलींनी रोज पाहिलेली असते. तिचे नाव 'लाटणे'. पोळी लाटताना गोळा दाबला जातो, पातळ होतो आणि पसरतो. पोलादाची लादी सुमारे बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात आणि एकमेकांवर फिरणाऱ्या दोन प्रचंड लाटांमधून, म्हणजे रुळांमधून, सोडतात. पोळी चहूकडे पसरते. लादी मात्र जवळजवळ केवळ लांबीनेच वाढते. यातील गणित सोपे आहे. समजा, लादी २५० मिलिमीटर जाड, सव्वा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब आहे. तिचे वजन सुमारे साडेचोवीस टन भरेल. ती लाटून अडीच मिलिमीटर जाडीची केली, तर जाडी शंभर पटींनी कमी झाली. म्हणून लांबी शंभर पटींनी वाढून एक किलोमीटर झाली पाहिजे. एवढी लांब पट्टी ठेवावयाची कशी? म्हणून ती तापलेली असतानाच गुंडाळतात. या गुंडाळीला 'कॉइल' म्हणतात.

लाटणाऱ्या रुळांच्या चौकटीला 'स्टँड' असे नाव आहे. शेवटच्या टप्प्यात असे सहा-सात स्टँड एकापुढे एक उभे असतात आणि पट्टी एकाच वेळी त्या सर्वांमधून धावत असते. पहिल्या स्टँडमध्ये ३५ मिलिमीटर जाडीची पट्टी सेकंदाला एक मीटर वेगाने शिरली आणि शेवटच्या स्टँडमधून अडीच मिलिमीटरची होऊन बाहेर पडली, तर तिचा वेग चौदा पट, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरहून थोडा अधिक, असला पाहिजे. एखाद्या स्टँडचा वेग थोडा कमी झाला, तर मागून येणाऱ्या पट्टीला वाव मिळत नाही. ती नागाच्या फण्यासारखी वर उसळते आणि लालभडक वेटोळी इकडेतिकडे फेकली जातात. या प्रकाराला 'कॉबल' म्हणतात. हा शब्द कानी पडताच काय करावयाचे, कोणी कोठे थांबावयाचे नाही, हे प्रत्येक कामगाराला आधीच शिकविलेले असते. अशा वेळी शब्दाचा अर्थ विचारण्यास उसंत नसते.

तापलेल्या पोलादावर हवेने काळसर खपली धरते. पातळ पत्रा करण्यापूर्वी ती काढून टाकणे अवश्य असते. नाहीतर ती पत्र्यात दाबली जाऊन त्याला डाग व खड्डे पाडते. त्याकरिता पट्टी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या हौदातून नेतात. या क्रियेचे इंग्रजी नाव 'पिकलिंग', म्हणजे लोणचे घालणे! लोणचे मुरावे म्हणून बरणीत महिनोन्‌महिने ठेवतात. पट्टीचे 'लोणचे' मात्र क्षणभरच आम्लात राहिले पाहिजे. खपली निघाल्यावरही ती आत राहिली, तर आम्ल खुद्द पोलादच खाऊ लागते.

स्वच्छ झालेली पट्टी आता न तापविता पुन्हा लाटतात. अडीच मिलिमीटरची पट्टी अर्ध्या मिलिमीटरची झाली, की एक किलोमीटरची लांबी पाच किलोमीटर होते. परंतु थंड पोलाद लाटता लाटता ताठर बनते. त्याच्या आतील सूक्ष्म कण दाबले जाऊन लांबट होतात आणि आणखी वाकविले तर ते तडकण्याचा संभव असतो. म्हणून गुंडाळ्या झाकून, आत हवा येऊ न देता, सुमारे सातशे अंशांपर्यंत तापवितात आणि सावकाश निववितात. या क्रियेला 'अनुशीतन' म्हणतात. त्या उष्णतेत जुन्या दबलेल्या कणांच्या जागी नवे, आटोपशीर कण जन्म घेतात आणि पोलाद पुन्हा मऊ होते. ठरलेल्या उष्णतेत गुंडाळी काही तास राखण्याला 'सोकिंग', म्हणजे भिजविणे, असे म्हणतात. येथे पाण्याचा थेंबही नसतो. गुंडाळी भिजते ती उष्णतेत. मराठीतील 'मुरणे' हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. उष्णता आतल्या वेढ्यापर्यंत मुरली नाही, तर एकाच गुंडाळीचा एक भाग मऊ आणि एक कठीण राहतो.

अनुशीतनानंतर पट्टीला एक अगदी हलका दाब देतात. जाडी शेकडा एक भागाच्या आसपासच कमी होते. याला 'स्किन पास', म्हणजे कातडीपुरता फेरा, असे म्हणतात. हा फेरा वगळला, तर पत्रा वाकविताना त्यावर विचित्र रेषा उमटतात आणि मोटारीचा दरवाजा कितीही रंगविला, तरी त्या लपत नाहीत.

पट्टीच्या बाजारात 'टेंपर' हा शब्द वारंवार येतो, आणि येथेच नवशिका चुकतो. लोहाराचे पाणी देणे, म्हणजे कठीण केलेले पाते पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालविणे, यालाही टेंपर म्हणतात. पट्टीच्या व्यवहारात मात्र टेंपर म्हणजे पट्टी किती मऊ वा किती ताठ आहे याची पायरी: मऊ, पाव-कठीण, अर्ध-कठीण, पूर्ण-कठीण. खोलगट वाडगा दाबून काढावयाचा असेल आणि चुकून पूर्ण-कठीण पट्टी मागविली, तर साच्याखाली प्रत्येक वाडगा फाटेल. उलट जेथे ताठपणा हवा, तेथे मऊ पट्टी गेली, तर वस्तू वाकून बसेल. दोन्ही वेळा पोलाद निर्दोषच असते. दोष मागणीच्या कागदावरील एका शब्दाचा असतो.

'गेज' हा आणखी एक फसवा शब्द. पत्र्याची जाडी सांगताना दुकानदार गेजचा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड, असे सहज वाटते. खरा प्रकार नेमका उलटा आहे. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो, तर २४ गेजचा त्याच्या निम्म्याहूनही पातळ असतो. ही मोजणी तार ओढण्याच्या धंद्यातून आली. तार जितक्या अधिक वेळा बारीक भोकातून ओढावी, तितकी ती बारीक होत जाते. शिवाय गेजची कोष्टकेही एकाहून अधिक आहेत. म्हणून जाणते लोक जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घेतात.

पट्टीच्या आकारातील दोषांनाही नावे आहेत. लाटताना रूळ किंचित वाकतात. त्यामुळे पट्टी मध्यभागी थोडी जाड आणि कडांना पातळ होते. मधल्या या उंचवट्याला 'क्राउन', म्हणजे मुकुट, म्हणतात. पट्टीची एक कड दुसरीपेक्षा अधिक लांबली, तर सपाट ठेवलेली पट्टी तलवारीसारखी एका बाजूला वळते. तो 'कॅम्बर'. पत्रा 'वाकडा आहे' एवढेच सांगितले, तर कारागिराला काहीच बोध होत नाही. 'कॅम्बर आहे' म्हटले, की दोन कडांवरील दाब सारखा नाही हे त्याला कळते आणि त्याचा हात लगेच योग्य ठिकाणी जातो. दोषाचे अचूक नाव घेतले, की उपायाची वाटही सापडते.

शेवटचा टप्पा गंजापासून संरक्षणाचा. पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला कथिलाचा मुलामा देतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तशाच कथिलाच्या मुलाम्याचा पत्रा खाद्यपदार्थांच्या डब्यांसाठी वापरतात. छपरांचे पत्रे मात्र सुमारे साडेचारशे अंश तापलेल्या जस्ताच्या रसातून काढलेले असतात. या क्रियेला 'गॅल्व्हनायझिंग' म्हणतात. लुइजी गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग केले होते. त्याच्या नावावरून हा शब्द आला. जस्ताच्या रसात बुडविण्याच्या पद्धतीचे एकस्व फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतले. रसात बुडविताना वीज कोठेच लागत नाही. मग हे नाव का? कारण संरक्षण चालते ते विद्युत्‌रासायनिक क्रियेने. पत्र्यावर ओरखडा पडला, तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. कथिलाचे तसे नाही. त्यावर ओरखडा पडला, की खालचे लोखंड अधिकच वेगाने गंजते. म्हणून चेपलेला आणि खरचटलेला डबा घेऊ नये, असे जाणती माणसे सांगतात, ते यथार्थ आहे.

या प्रवासात काही शब्द मराठी भेटले, तर काही परक्या भाषांतील. झोतभट्टी, धातुमळी, अस्तर, लाटणे, मुरणे हे शब्द ऐकताच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कॉइल, गेज, कॅम्बर हे कामगारांच्या तोंडी रुळलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, ते मराठीतून शास्त्र शिकता यावे म्हणूनच. परंतु शब्द आपला की परका, हा वाद फार ताणण्याचे कारण नाही. 'पोलाद' हा शब्द स्वतःच फारसीतून आलेला आहे आणि 'कल्हई'चे मूळ अरबीत आहे. आज त्यांना परके कोण म्हणेल? शब्द कोठून आला यापेक्षा तो एकाच वस्तूकडे बोट दाखवितो की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

रायगड जिल्ह्यातील डोलवीच्या कारखान्यात असो, जमशेदपूरला असो वा भिलाईला असो, रात्रीची पाळी संपवून जाणारा कामगार पुढच्या पाळीच्या कामगाराला मोजक्या शब्दांत काम सोपवून जातो: अमुक क्रमांकाची हीट, बादली कोरडी, पट्टीला थोडा कॅम्बर. ऐकणाऱ्याने त्यांतील प्रत्येक शब्दाचा तोच अर्थ घ्यावा, जो सांगणाऱ्याच्या मनात होता. एवढ्या विश्वासावर ती प्रचंड यंत्रे चालतात. म्हणून कोणत्याही व्यवसायातील नवा शब्द कानी पडला, की तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोणत्या वस्तूचा वा क्रियेचा? तिचे माप कोणते? आणि तो चुकला, तर काय बिघडेल? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील, त्याने तो शब्द नुसता पाठ केला नाही, तर आपलासा केला, असे समजावे.